त्याला भाऊबंदकी म्हणायचं नाही

बसमधला माइक पाहुण्याच्या हातात द्यायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. दुसरा नियम म्हणजे माइकवरून राजकारण बोलायचं नाही. आयर्लंडमध्ये टूर गाइड म्हणून काम करताना मी हे दोन्ही नियम एकाच दुपारी मोडले, आणि तरीही यंदा निवृत्त होताना कंपनीने मला फुलं दिली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामातलं काहीतरी लिहा" म्हटलं, तेव्हा त्या दुपारशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढे येईना.

मी मूळची इतिहासाची प्राध्यापिका. साताऱ्याच्या एका कॉलेजात बी. ए.च्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. नवरा डॉक्टर. त्याला आयर्लंडमधल्या नास गावच्या इस्पितळात काम मिळालं आणि आम्ही "दोन-चार वर्षं बघू" म्हणत आलो ते इथलेच झालो. इथल्या शाळेत शिकवायचं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा नोंदणी, आणि मुलगी लहान. शेजारची बाई एकदा म्हणाली, "तुला बोलायला इतकं आवडतं, तर गाइड का होत नाहीस?" मला राग आला होता. पण गाइडचा कोर्स जवळच होता आणि तो मी केला.

गाइडचं काम म्हणजे इतिहास सांगणं, असं लोकांना वाटतं. इतिहास चवीपुरता. बाकी सगळं म्हणजे कुठल्या गावात स्वच्छ टॉयलेट आहे, कुठल्या हॉटेलात म्हाताऱ्यांना जिना चढावा लागेल, कोण कोणाशेजारी बसायला तयार नाही, आणि प्रत्येक थांब्यावर निघताना डोकी मोजणं. ड्रायव्हरशी मात्र जमायलाच हवं. माझा ड्रायव्हर बहुतेक वेळा डेक्लन असायचा. टिपररी जिल्ह्यातला, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. जगातल्या कुठल्याही संकटावर त्याचं उत्तर एकच, "ग्रँड", म्हणजे छान, ठीक. टायर फुटला तरी ग्रँड.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येत ते मुळं शोधणारे अमेरिकन. पणजोबा-खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकातल्या बटाट्याच्या दुष्काळात इथून गेलेले, आता पणतवंडं निवृत्त होऊन गाव बघायला येतात. गाव म्हणजे इथे टाउनलँड, आपली वाडी समजा. आपल्याकडे वडगाव जसं दर तालुक्यात सापडतं तशी इथेही एकाच नावाची टाउनलँड जागोजागी असतात. एक गृहस्थ एका गोठ्याच्या भिंतीला कवटाळून रडले होते. गोठ्याच्या मालकाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "ही भिंत माझ्या बापाने बांधली, माझ्यादेखत." मी म्हटलं, मग सांगू का त्यांना? तो म्हणाला, "नको गं. इतक्या लांबून आलाय. रडू दे." आणि त्याने त्या गृहस्थांना आत नेऊन चहा पाजला. अशी माणसं भेटली म्हणून मी या कामात टिकले.

तर त्या दुपारची गोष्ट.

एकाच कुटुंबाच्या दोन शाखा येणार होत्या. आडनाव लिहीत नाही. दुष्काळात दोन भाऊ टिपररीतल्या एका टाउनलँडमधून निघाले. थोरला मायकल बॉस्टनला उतरला, धाकटा टिमथी दक्षिणेत जॉर्जियात गेला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा मायकल उत्तरेच्या सैन्यात होता आणि टिमथी दक्षिणेच्या. त्यानंतर दोन्ही घरांचा संबंध तुटला तो तुटलाच. आता बॉस्टनकडच्या मॉरीन नावाच्या निवृत्त नर्सबाईंनी पुढाकार घेऊन सगळ्यांना गोळा केलं होतं. गावच्या जुन्या दफनभूमीत दोन्ही भावांच्या नावाचा एक दगड बसवायचा होता. त्या वेळी दोन शब्द बोलायचा मान सगळ्यांत वडील म्हणून जॉर्जियाच्या वॉल्टरना दिलेला. वॉल्टर ऐंशीच्या घरातले, उंच, दारात बाईमाणूस दिसलं की हॅट काढणारे. मला ते "मॅडम" शिवाय हाक मारत नसत.

आणि तिसरी होती लोरेन. अटलांटाची, पाणीपुरवठा खात्यातली इंजिनीअर, पन्नाशीची, कृष्णवर्णीय. टिमथीने दक्षिणेत दुकान टाकलं, ते चालू लागल्यावर एक गुलाम स्त्री विकत घेतली. तिला त्याच्यापासून झालेल्या मुलाच्या वंशातली लोरेन. हे लपलेलं नव्हतं. तिची आणि वॉल्टरच्या मुलीची डीएनए चाचणी जुळली होती, मॉरीनने तिला रीतसर बोलावलं होतं आणि वॉल्टरही "अवश्य यावं" म्हणाले होते. पण विमानतळाजवळच्या सँट्रीच्या हॉटेलातून आम्ही निघालो तेव्हापासून मी बघत होते. वॉल्टर तिच्यासाठी दार धरत, खुर्ची ओढत, पण तिच्याशी एक वाक्य बोलत नसत. ती एकटीच खिडकीशी बसे.

गावाला जायच्या आदल्या दुपारी बस हमरस्त्याला लागली आणि वॉल्टर पुढे आले. "मॅडम, उद्याच्या भाषणाची जरा तयारी करतो. माइक द्याल?" मला वाटलं, म्हातारा माणूस, एखादा विनोद सांगेल. दिला. डेक्लनने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला.

वॉल्टर छान बोलत होते. दुष्काळ, जहाज, दोन भाऊ. मग म्हणाले, "आणि मग ते युद्ध आलं. लोक आज म्हणतात ते गुलामगिरीवरून झालं. तसं नव्हतं. राज्यांच्या हक्कांसाठी होतं ते. आमचा टिमथी आपल्या राज्यासाठी लढला."

"वॉल्टर, हे तुम्ही उद्या दगडासमोर बोलणार?" मॉरीन जागेवरून ओरडल्या. "बोललात तर आम्ही सगळे तिथून निघून जाऊ, सांगून ठेवते!"

बसमध्ये एकच गलका झाला. कोणी मॉरीनच्या बाजूने, कोणी वॉल्टरच्या. लोरेनने कानात हेडफोन घातले आणि बाहेरच्या मेंढ्यांकडे बघत राहिली. मी माइक परत घ्यायला हात पुढे केला. वॉल्टरनी तो दिला, पण दिल्यावर बाजूला झाले नाहीत.

"मॅडम, तुम्ही इतिहास शिकवायचात ना? तुम्ही ना उत्तरेच्या, ना दक्षिणेच्या. तुम्हीच सांगा."

मी डेक्लनला पुढच्या पेट्रोलपंपावर थांबायला सांगितलं. लोक कॉफीला उतरले तेव्हा तो म्हणाला, "आमच्या घरातही यादवी झाली होती, इथली, १९२२ सालची. आजोबा एका बाजूला, त्यांचा भाऊ दुसऱ्या. त्यावर आमच्याकडे अजून कोणी बोलत नाही. आणि तू माइकवर बोलणारेस?"

"गप्प राहिले तर उद्या काय होईल?"

"उद्या ग्रँड होणार नाही," तो म्हणाला.

मग मी बोलले. सगळे परत बसल्यावर उभी राहिले, सीटच्या पाठीला धरून.

मी म्हटलं, "माणूस युद्धात का जातो आणि युद्ध का होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टिमथी का गेला मला माहीत नाही. शेजारची पोरं गेली म्हणून गेला असेल, लाजेपोटी गेला असेल. पण युद्ध का झालं ते मला माहीत आहे." आणि वर्गात सांगायचे तसं सांगितलं. दक्षिणेत कापूस, आणि कापूस वेचायला गुलाम. उत्तरेत कारखाने आणि रोजावरचे मजूर. एकाच देशाचे दोन तुकडे दोन वेगळ्या तऱ्हांनी जगत होते, तरी बराच काळ ओढूनताणून चाललं, कारण दोघंही तडजोडी करत राहिले. पण देश पश्चिमेला वाढत होता. नवं राज्य आलं की प्रश्न यायचा, इथे गुलामगिरी असणार की नाही? कारण राज्य ज्या बाजूचं, त्या बाजूची मतं संसदेत वाढणार. दर वेळी नकाशावर नवी रेघ, दर वेळी पुढच्या वेळी आणखी मोठं भांडण. एका नव्या प्रदेशात तर लोक आधीच एकमेकांचे मुडदे पाडू लागले होते.

"आणि राज्यांचे हक्क म्हणता," मी वॉल्टरकडे बघून म्हटलं, "तर पळून आलेल्या गुलामाला पकडून परत द्यायची सक्ती करणारा कायदा झाला, तेव्हा उत्तरेतली काही राज्यं म्हणाली, आमच्या राज्यात आम्ही मदत करणार नाही. तेव्हा दक्षिणेने काय म्हटलं? राज्यांचं काही ऐकू नका, वॉशिंग्टनने जबरदस्ती करावी. म्हणजे हक्क राज्यांचा नव्हता, माणूस मालकीचा ठेवण्याचा होता. मग असा माणूस अध्यक्ष निवडून आला जो एवढंच म्हणत होता की गुलामगिरी यापुढे पसरू द्यायची नाही. तो खुर्चीत बसायच्या आधीच दक्षिणेतली राज्यं फुटू लागली. का फुटतो ते काहींनी लिहून जाहीर केलं. तुमच्या जॉर्जियानेही. त्यात सुरुवातीलाच गुलामगिरी आहे. मी सांगतेय म्हणून मानू नका, वाचा."

बॉस्टनकडचे टाळ्या वाजवायच्या बेतात होते. मी म्हटलं, "थांबा. तुमच्या गिरण्या कोणाच्या कापसावर चालत होत्या? आणि न्यू यॉर्कमध्ये सैन्यभरतीविरुद्ध दंगल झाली तेव्हा रस्त्यात काळ्या माणसांना मारणाऱ्यांत आपले आयरिश लोक किती होते?" मॉरीनचा चेहरा पडला. टाळ्या वाजल्या नाहीत.

शेवटी मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं. साताऱ्याला मुलांना ते फार पटायचं. "आमच्या भाषेत एक शब्द आहे, भाऊबंदकी. भावाभावांचं, एका रक्ताच्या माणसांचं भांडण. तुमचं यादवी युद्ध म्हणजे एका देशाची भाऊबंदकी होती."

हॉटेल येईपर्यंत बसमध्ये फक्त वायपरचा आवाज होता. वॉल्टर उतरताना हॅट काढायला विसरले. मी मनाशी म्हटलं, बाई, संपली तुझी नोकरी.

सामान उतरवून होईपर्यंत लोरेन मागे थांबली होती. हेडफोन गळ्यात. म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

"चांगलं सांगितलंत," ती म्हणाली. "फक्त तो शेवटचा शब्द. तो नका वापरू."

"भाऊबंदकी?"

"हो. दोन भावांचं भांडण म्हटलं की गोष्टीत दोन भाऊच उरतात. ज्यांच्यावरून भांडण झालं ती माणसं कुठे गेली? माझी खापरपणजी त्या दोघांपैकी कोणाच्या बाजूची होती, सांगा."

इतकी वर्षं शिकवूनही हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विचारणार कोण? आमच्या वर्गात तिच्या घरचं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "नाही वापरणार." ती म्हणाली, "थँक यू," आणि बॅग ओढत आत गेली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी लवकर गेले. वॉल्टर आधीच बसले होते, समोरच्या सॉसेजला हात न लावता.

"मॅडम, तुम्ही काल खोटं बोललात हे सिद्ध करायला मी फोनवर ते जॉर्जियाचं शोधलं," ते म्हणाले. "सापडलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे. सुरुवातीलाच." फोन टेबलावर पालथा ठेवून म्हणाले, "शाळेत आम्हाला हे कोणी दाखवलं नाही. बाईंनी दुसरंच सांगितलं होतं. फार प्रेमळ होत्या हो आमच्या बाई."

"असतील," मी म्हटलं. मला त्यांची खरोखर कीव आली. ज्यांनी प्रेमाने शिकवलं त्यांनीच चुकीचं शिकवलं, हे त्या वयात मानायचं म्हणजे सोपं नाही.

"आज मी काय बोलू?"

"ते मला विचारू नका." मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघितलं. लोरेन तिथे एकटी टोस्टला लोणी लावत होती, शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स.

"ती उठून गेली तर?"

"तर जाईल. तिचा हक्क आहे."

वॉल्टर ताट घेऊन उठले. मला ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. ते टेबलाशी उभे राहून काहीतरी म्हणाले. लोरेनने वर बघितलं नाही. टोस्टच्या कडेपर्यंत लोणी नीट पसरवलं. सुरी पुसली. ते ताट हातात धरून तसेच उभे, आणि त्या ताटातलं अंडं घरंगळायला लागलेलं. मग तिने खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

मी तिथून पळ काढला. डेक्लन बसची काच पुसत होता. त्याला म्हटलं, "दफनभूमीच्या बाहेर इंजिन चालू ठेव. अर्धे लोक रागावून परत आले तर उगाच ताटकळायला नकोत." "युअर मॅन कसा आहे?" त्याने विचारलं. इथे कुठल्याही माणसाला युअर मॅन म्हणतात. मी म्हटलं, ठाऊक नाही.

दफनभूमी टेकडीच्या उतारावर होती, पडक्या चर्चच्या बाजूला. वारा असा की फादरना त्यांचा झगा एका हाताने धरून ठेवावा लागत होता. नवा दगड साधाच, दोन नावं आणि टाउनलँड. बॉस्टनकडचे फाटकाच्या बाजूला उभे राहिले, मुद्दामच. लोरेन सगळ्यांच्या मागे. गावातल्या चार-पाच बाया चहाची तयारी सोडून बघायला आल्या होत्या.

वॉल्टरनी खिशातून भाषणाचे कागद काढले, वाऱ्यात उलगडायचा प्रयत्न केला आणि पुन्हा घडी घालून ठेवून दिले.

"मी जे बोलणार होतो ते बोलत नाही," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "टिमथी इथून उपाशी निघाला. तिकडे त्याचं पोट भरलं, आणि पोट भरल्यावर त्याने एक बाई विकत घेतली. हे वाक्य आमच्या घरात कोणी कधी उच्चारलेलं नाही. मीही नाही. ते युद्ध तिच्यासारख्यांवरून झालं, आणि टिमथी तिला सोडावं लागू नये म्हणणाऱ्यांच्या बाजूने लढला. तरी तो आमचा आहे, त्याचं काय करायचं मला कळत नाही. लोरेन, पुढचं तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तरी चालेल."

मला वाटलं, लोरेन बोलणार नाही, आणि न बोलण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. मग ती लोकांतून वाट काढत पुढे आली. दगडाजवळ नाही, वॉल्टरच्या शेजारी.

"तिचं नाव हॅना," ती म्हणाली. "तिच्याबद्दल याहून जास्त काही कोणी लिहून ठेवलेलं नाही. तिने हे गाव कधी पाहिलं नाही, आणि पाहावंसं वाटायला तिला काही कारणही नव्हतं. मीही या दोघा भावांसाठी आलेले नाही. तिचं नाव इथे मोठ्याने घ्यायचं होतं, म्हणून आले." आणि तिने ते पुन्हा एकदा घेतलं. "हॅना."

गावातल्या बायांपैकी एकीने छातीवर क्रूस केला आणि तेच नाव पुटपुटली. मग दुसरीने. मॉरीन फाटकापासून पुढे आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "आमचा मायकलही काही संत नव्हता. घरी त्याला आम्ही उगाच संत करून ठेवलाय." आणि फादरनी घाईघाईने प्रार्थना सुरू केली, कोणी आणखी काही बोलायच्या आत.

प्रार्थना चालू असताना भिंतीपलीकडची घरघर थांबली. डेक्लनने इंजिन बंद केलं होतं. इतकं हायसं वाटलं की मला तिथेच मटकन खाली बसावंसं वाटलं. शेजारी कोणाचं तरी थडगं होतं म्हणून बसले नाही.

नंतर गावच्या हॉलमध्ये चहा, हॅम सँडविच आणि मनुकांचा ब्रेड. हॉलच्या बाईंनी विचारलं, "घरचे कोण? घरच्यांनी पुढच्या टेबलावर बसा." सगळेच घरचे निघाले आणि टेबल पुरेना. मग दोन टेबलं जोडली. मी मागे उभी राहून चहा प्यायले. इतका गोड चहा मी एरवी पीत नाही, पण त्या दिवशी दुसरा कपही घेतला.

कोणी तक्रार केली नाही. कंपनीला कळलं ते डेक्लनकडूनच, आणि त्याने सांगितलं एवढंच की टूर ग्रँड झाली. मुलीला मात्र मी सगळं सांगितलं, तर ती तिच्या आयरिश इंग्रजीत किंचाळली, "आई, तू बसमध्ये लेक्चर दिलंस?" दिलं. साताऱ्याचा वर्ग सोडल्यापासूनचा तो माझा एकमेव तास. नंतर पुन्हा शिकवायला मिळालं नाही याची हळहळ आहे, ती काही जायची नाही. पण शेवटचा तास तरी बरा झाला.

निरोप द्यायला मी विमानतळावर गेले होते. दोन्ही शाखांचे लोक बॅगांच्या ढिगात पत्ते आणि फोन नंबर देत-घेत उभे. सगळं मिटलं होतं असं नाही. बॉस्टनकडचे एक काका तर वॉल्टरशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. आणि वॉल्टरही काही एका दिवसात बदलून गेले नव्हते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं मान्य. पण एक गोष्ट तुम्हीही मान्य करा. दक्षिणेचे सेनापती मात्र..."

"वॉल्टर!" मागून लोरेनचा आवाज आला. "पुरे. रांग पुढे सरकली, ती बॅग उचल आणि चल."

म्हाताऱ्याने निमूट बॅग उचलली आणि गेला.

इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद नाही. पण लोरेन त्या वेळी जे म्हणाली ते 'तू'च होतं. मला स्वच्छ ऐकू आलं.